तळहात

चाकणच्या कंपनीचा मेल आला, दोनच ओळी:
एक एप्रिलपासून ज्यांच्या मशिनी आमच्या स्क्रीनवर दिसणार नाहीत
त्यांचे शाफ्ट आम्ही घेणार नाही.

आमच्या मशिनी तोवर
फक्त भोसरीत दिसत होत्या.
सेक्टर दहाची गल्ली, पत्र्याखाली तीन लेथ,
हप्त्यांवरचं एक सीएनसी
आणि इंगवले मिस्त्री.

मिस्त्री म्हणजे आमचं क्वालिटी खातं.
चहा अर्धा ठेवून उठायचे,
तीन नंबरपाशी जाऊन म्हणायचे, टूल बदल,
अजून दहा पीस निघतील, अकरावा भंगारात.
पोरं मायक्रोमीटर लावायची.
मिस्त्री बरोबर असायचे.
बाबा म्हणायचे, इंगवल्याला मशीन ऐकू येतं.
हे वाक्य मी बँकेतही वापरलंय,
कर्जाच्या अर्जात ‘उपलब्ध तंत्रज्ञान’ या रकान्यात
लिहायचं तेवढं राहिलं.

तन्झिला बागवान आली कोंढव्याहून, दोन बस बदलून,
सॅकमध्ये माइक, वायरी, जेवणाचा डबा.
म्हणाली, महिनाभर आवाज रेकॉर्ड करू,
मिस्त्रींनी फक्त सांगायचं, चांगला की वाईट.
सॉफ्टवेअर शिकत जाईल.
मिस्त्री म्हणाले, आणि पगार?
त्याला का मला?
सगळे हसले. मी जरा कमी.

बुधवारी पाळी सुटल्यावर त्यांना ऑफिसात बसवलं,
कानांवर हेडफोन.
पहिला आवाज. मिस्त्री गप्प.
दुसरा. नववा. चाळिसावा.
तन्झिला बटणावर बोट ठेवून थांबलेली.
मग त्यांनी हेडफोन काढला,
टेबलावर नीट ठेवला, वायर गुंडाळून,
आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,
शेठ, उजवा कान प्रेस शॉपमध्येच गेला,
तुमच्याकडे यायच्या आधी. डावा निम्मा.
मोठ्या शेठना सांगायचं राहून गेलं.

मग?

ते उठले. तीन नंबर चालू करायला लावलं.
हेडस्टॉकवर, जिथला हिरवा रंग उडून
लोखंड आरशासारखं झालंय,
तिथं तळहात टेकवला.

बावीस वर्षं तो डाग मी रोज पाहिला होता.
मला वाटायचं, दमतात, टेकून उभे राहतात.

गुरुवारी लाइटची सुट्टी.
शुक्रवारी तन्झिला नाण्याएवढा सेन्सर घेऊन आली.
माइक काढले नाहीत, नुसते बंद केले.
विचारलं, मामा, नेमकं कुठं?
त्यांनी बोट ठेवलं.
बेअरिंगच्या बरोबर वर, ती म्हणाली.
ते तुझं तू बघ, ते म्हणाले. इथं.

आता चाकणला आम्ही दिसतो.
चार हिरव्या रेषा, एकीखाली एक.
शेजारच्या गाळ्यातला प्रेस ठोकायला लागला
की आमचा फोन बोंब मारतो,
पण मागच्या महिन्यात भंगार निम्म्यावर आलं.
मी एका कागदावर हप्ता, सेन्सरचं भाडं
आणि मिस्त्रींचा पगार लिहिला.
बेरीज केली नाही.
मिस्त्रींचा हात हल्ली
दोन इंच डावीकडे असतो.

परवाचा गुरुवार.
जीएसटीची कामं होती म्हणून मी एकटा ऑफिसात,
इन्व्हर्टरवर स्क्रीन, सेन्सर त्यांच्या बॅटरीवर,
रेषा चारही सपाट.
शटर थोडंसं वर झाल्याचं कळलं, कुणी हाक मारली नाही.
तीन नंबरची रेषा
जेमतेम हलली,
पुन्हा हलली,
एवढुशी, थंड मशिनीला
असं होत नसतं.

स्क्रीन विचारत होती:
नवीन कंपन आढळले. प्रकार निवडा.
चांगलं. वाईट. माहीत नाही.

काचेपलीकडं अंधार होता.
मी माउसवरचा हात काढून घेतला.