एक ओळ मागे

शिरोड्याच्या मिठागरात माझे चार वाफे,
पाचवा आंतोनचा, माझ्या भावाचा.
बांधात एक लाकडी दार, खाडी आत घेणारं.
आमच्याकडे त्या दाराला मानस म्हणतात.
खुंटी नीट बसली नाही
तर भरतीला मानस उघडतं
आणि महिन्याचं मीठ एका रात्रीत पाणी होतं.

तसं झालं, अकरा वर्षांपूर्वी, एप्रिलात.
ढीग गोणींत भरायचेच बाकी होते.
सकाळी बांधावर उभं राहून मी म्हटलं,
हे आंतोननं केलं.
मोठ्यानं म्हटलं. आगरातल्या साऱ्यांनी ऐकलं.
आंतोन पायांचा चिखल धूत होता.
त्यानं मान वर केली,
आणि पुन्हा पाय धुऊ लागला.

तेव्हापासून रात्रीच्या तेर्साला
दुल्सीन मणी सरकवते, मुलं जांभया देतात,
मी बापाकडे रोजची भाकर मागतो
आणि पुढच्या ओळीला खोकतो.
क्षमेच्या त्या ओळीला.
रात्रीला पाच वेळा. सुतकात, सणातसुद्धा.
एकदा धाकटीनं आल्याचा काढा करून दिला,
तो मी निमूट प्यालो.

यंदा उपासकाळात फादर म्हणाले,
मासे सोडू नका हवं तर.
फक्त रात्री पाव तास पायरीवर बसा
आणि दिवस उलटा चाला,
किल्ली हरवल्यावर माणूस
आल्या वाटेनं खाली बघत परत जातो, तसा.

पहिला आठवडा नुसते डास.
मिठाचा भाव, गुडघा, समोरच्यांचा टीव्ही.
मग एके रात्री दिसलं
गोणी उचलणाऱ्या पोराला मी दुपारी काय बोललो ते.
त्याचं तोंड दिसलं. ते मी दुपारी पाहिलं नव्हतं.
त्यानंतर दिवस संपला तरी पाय थांबेनात,
उलटे चालतच राहिले,
महिना, वर्ष, आणखी वर्षं,
त्या एप्रिलच्या रात्रीपर्यंत.

वाडीतल्या क्रुसापाशी लदीन होती.
कागदात उकडलेले चणे, कुणाची तरी अर्धी बाटली.
निघण्याआधी मी मानस जरासं उघडलं होतं,
अर्धा तास पाणी घेऊ म्हणून,
आणि खुंटी शर्टाच्या खिशात टाकली होती.
चणेही त्याच खिशात.
चणे संपले तेव्हा बोटांना लाकूड लागलं होतं.

हे मला आठवलं, असं म्हणणं खोटं.
मी ते ठेवलं होतं, वर गोणपाट टाकून.

देव काही बोलला नाही.
खाडी भरत होती, तिचाच काय तो आवाज.

सकाळी आंतोनच्या पडवीत गेलो.
तो सुंगटं सोलत होता.
उभ्या उभ्या सांगितलं, खुंटी, खिसा, सगळं.
त्यानं हातातलं सुंगट पुरतं सोललं.
"माका ठावक होता," म्हणाला.
"वयनीन दुसऱ्याच दिसा सांगल्यान.
शर्ट धुताना खुटी गावली तिका."
मग बोललास कित्याक नाय रे?
"भिंतीतून आयकाक येता," तो म्हणाला.
"तू खोकत हुतस."

बस म्हणाला नाही. मीही बसलो नाही.
सालं कोंबड्यांना टाकायला तो उठला
आणि मी बांधाकडे निघालो,
तिथं दिवसाचं काम तसंच पडलं होतं.

रात्री तेर्साला
त्या ओळीआधी दुल्सीनचा मणी क्षणभर थांबला.
अकरा वर्षं थांबत होता.
मला वाटायचं, तिला दम लागतो.

मी खोकलो नाही.
पण घसा असा कोरडा,
की पहिला शब्द फुटेपर्यंत
मुलं पुढे निघून गेली.
त्यांचं आमेन झालं, उशा घेऊन ती पांगली.
दुल्सीन तेवढी तशीच बसून राहिली,
मणी चिमटीत धरून,
आणि मी एकटा, एक ओळ मागे,
अजून म्हणत होतो.