उंचीचा रकाना

गुरुत्वमापक जीपमध्ये मांडीवर घेऊन बसावं लागतं,
तापल्या दुधाचं पातेलं नेतात तसं.
आत एक स्प्रिंग आहे, काडेपेटीतल्या काडीएवढी.
तिला डोंगराचं वजन कळतं,
कोरड्या विहिरीचं कळतं,
चंद्र डोक्यावर आला की तेही.
फक्त सरकारी शिक्का कळत नाही.

मला रिवणची जुनी मोजणी हवी होती.
एकोणीसशे बहात्तर, दोनशे अकरा ठाणी,
खाण सुरू होण्याआधीची.
त्याच जागी आज मोजलं तर वजाबाकी करता येईल:
तेव्हाचं ओझं उणे आताचं ओझं
म्हणजे जो डोंगर ट्रकात बसून सावर्ड्याला
आणि बार्जमधून मुरगावला गेला, परतला नाही,
तो.

पणजीत कुस्तोदियो बाब. नावाचा अर्थच राखणदार.
अर्ज घेतला, पाणी दिलं.
"नकाशा संरक्षित आहे, बाये. फाल्यां यो."
अकरा महिन्यांत किती फाल्यां मावतात
ते मी मोजलं नाही.
त्यांच्या टेबलावर लोहखनिजाचा खडा,
तपकिरी-जांभळा, मुठीएवढा,
पंख्यानं उडू नये म्हणून माझ्याच फाईलवर.
मी मनातल्या मनात त्याचं वजन
त्या डोंगरात मिळवलं.

मग एका शुक्रवारी, काही कारण न सांगता,
त्यांनी स्वतःच झेरॉक्स काढून दिल्या.
एकतीस पानं. आठाच्या आकड्याचं पोट
सगळीकडे शाईनं भरलेलं.
ठाणं, वेळ, वाचन, सगळं होतं.
उंचीचा रकाना कोरा.

उंचीशिवाय हे आकडे म्हणजे
कुणाचा ते न लिहिता नोंदलेला ताप.
एका मीटरची चूक, तीन दशांश मिलिगॅल;
अशा दहा-वीस साठल्या की
डोंगर गेला की राहिला, तेच सांगता येत नाही.

"उंच्या आमच्याकडे नसतात," कुस्तोदियो बाब म्हणाले,
"त्या आल्तिन्यावरच्या खात्याकडे."
म्हणजे एकाकडे वजन, दुसऱ्याकडे उंची,
आणि मध्ये वीस मिनिटांची चढण
जी पन्नास वर्षांत एकही कागद चढला नाही.

मी चढले. उत्तर लेखी आलं:
"ठाणे क्र. ८७ ते १०३. स्थळपाहणी केली असता
सदर जागा आढळून आल्या नाहीत.
सबब उंचीची खातरजमा करता येत नाही.
प्रकरण निकाली."

खोटं काहीच नव्हतं त्यात.

रिवणात शाणू वेळीप, ऐंशीच्या पुढचा.
त्यानं तेव्हा ती पेटी वाहिली होती, अडीच रुपये रोजानं.
"साहेब म्हणायचा, हलू नको, श्वास पण हळू घे."
सत्त्याऐंशी कुठं, विचारलं
तर तो मला खाणीच्या कडेवर घेऊन गेला.
खाली हिरवं, न हलणारं पाणी.
त्यानं काठी उचलली, पाण्याच्याही वर, हवेत.
"ती घार दिसता? तिच्या पोटाखाली
दोन माणसं उतरून. थंय काजूचं झाड,
मुळात पितळेचा खिळा."

घार कलली, निघून गेली.
काठी तिथंच राहिली.

मी कोन घेतला, अंतर घेतलं. मग अठ्ठ्याऐंशी, मग एकोणनव्वद;
दुपार कलेपर्यंत तो हवेत बोट ठेवत गेला
आणि मी पेन्सिलीनं लिहीत गेले:
एकशे बारा मीटर, अधिक-उणे चार.
स्रोत: शाणू वेळीप, पेटी वाहणारे.

पुढच्या आठवड्यात तीन प्रती काढल्या.
एक आल्तिन्यावर.
एक कुस्तोदियो बाबांना. त्यांनी खडा उचलला,
कागदांवर ठेवणार होते,
मग हातातच तोलत राहिले बराच वेळ.
पंख्याखाली पानं फडफडत होती.
तिसरी शाणूला. त्याला वाचता येत नाही.
नातीला म्हणाला, म्हजें नांव खंय आसा?
तिनं बोट ठेवलं,
मग खाली सरकवलं,
मग आणखी खाली,
सतरा वेळा.