येईन

तिचं नाव आग्निएश्का. पोलंडची.
आमच्या तोंडात मावलं नाही,
म्हनून आग्नी म्हनाले लागलो.
सत्तेचाळीस डिग्री होतं तवा गावात,
त्यात हे आनखीन एक.
ते हासली. समजलं नव्हतं, पन हासली.

जिल्हा परिषदेच्या बंद शायेत
नागपूरचे पांढरीपांडे सर दीड महिना मराठी शिकवनार,
आठ पोरापोरींले. हे माह्या घरी.
देशाबाहेर पह्यल्यांदाच.
पासपोर्टावर एकच शिक्का,
तो तिनं मले तीनदा दाखवला.

खिशात कांदा ठेवून शायेत जाये, तोंडाले दुपट्टा.
दुपारी मी कूलरच्या टाकीत बकेट ओतली
का खसाच्या वासात बसून वही लिहे.

दोन दिवस सरांनी 'ळ' वर काढले.
जीभ वर, मांगं, आनखीन मांगं.
संध्याकायी पोरगी रडवेली.
म्हनलं, बाई, काहून जीव जायतं,
तो 'ळ' आमच्याच तोंडातून कवाच पडला,
दुधाच्या दातावानी.
केयं म्हन. डोया म्हन.
आंगनात वायत घातलेल्या कुरडयांजवय बसून
तिनं 'कावये' म्हनलं, एकदम बराबर,
अन् कावये उडाले.

मंग वही लाल होऊन आली.
'मले' खोडलेलं, वर 'मला'.
'काहून' खोडलेलं, वर 'का'.
'जाऊन राह्यली' ले तं सरांनी गोलच केला,
बाजूले नुसतं प्रश्नचिन्ह.
काकू, चुकलं का?
माहा पोरगा पुन्यात हाय, चार वर्स झाले,
फोनवर आता 'मला' म्हनते.
पह्यल्यांदा म्हनला तवा मी इचारलं होतं,
कोन बोलून राह्यलं?
तिले म्हनलं, सर बराबर हायेत, लिहून घे.
अन् कनिक मयत बसली, लय टाइम,
एवढ्या पोया कोन खाईन याचा इचार न करता.

शेवटच्या हप्त्यात भविष्यकाय.
मी येईन, तू येशील, ती येईल.
सारं वाचून दाखवलं तिनं.
मंग वही मिटून, दाराकडे पाहून,
हयूच आपलंवालं:
मी येईन. तो येईन. नयाले पानी येईन.
लाईन गेली होती तवा. लाईन येईन.

जानं होतं त्या दिशी सकायची येष्टी.
सरोयाचा डबा इसरलीच ते, वट्ट्यावर.
चुलीमांगच्या भितीवर खडूनं लिहिलेलं
मले दुपारी दिसलं:
येईन.
कोन, ते नाही लिहिलं.
सरांच्या मराठीत पाह्यलं तं ते सोता येनार हाय.
आमच्यात पाह्यलं तं
कोनीबी येईन.

यंदा भितीले पोतारा माराले सखूबाई आली.
एवढा तुकडा काहून सोडला, म्हने.
म्हनलं, राहू दे.
वल हाय तिथी.