भरती लागायच्या आत

फॉर्मवर एक रकाना होता : भेटीचं कारण.
एलिझेमामाने पेन उचललं, खाली ठेवलं.
शेवटी मीच लिहिलं, 'कबरी झाडणे'.
खोटं नव्हतं ते. पुरतं खरंही नव्हतं.

मॉरिशसहून पाच दिवस नुसतं पाणी.
सहाव्या पहाटे त्यावर एक हिरवी रेघ,
पेन्सिल टेकवून कुणी लगेच उचलावी तेवढीच.
मामा कठड्याला धरून म्हणाला,
"एवढंसं?"

त्याला इथून बोटीत चढवलं तेव्हा तो अकरा वर्षांचा.
मी तर जन्मले क्रॉलीत, विमानतळाच्या गावात;
इतरांच्या निघण्याखालची फरशी पुसते मी तिथे,
रात्रपाळीला.

चार तास.
मनगटाला पट्टी, नवजाताला बांधतात तशी.
कोयता बोटीवरच ठेवून घेतला तरुण अधिकाऱ्याने,
अगदी नम्रपणे.
म्हणून वेली हातांनीच ओढल्या.

कुणी न वेचलेले नारळ
पडले तिथेच रुजलेले, अंगावर अंग,
मास्तर वारलेल्या वर्गासारखे.
चर्चला छप्पर नाही.
एका दगडावर 'रोझ' एवढंच वाचता येतं,
रोझमोंद की रोझलिया, देव जाणे.
माणूस मीठ खातो, मग त्याला जागतो म्हणतात.
इथे मिठानेच आमची नावं खाल्ली,
ते कुणाला जागणार?

घर सापडेना.
मामा विहिरीपाशी गेला, म्हणाला, इथून बावीस पावलं,
आणि चालू लागला.
मग थबकला, परत आला,
आणि पुन्हा निघाला, या खेपेला लहान लहान पावलांनी,
अकरा वर्षांच्या पायांनी.
बाविसाव्या पावलावर
काहीच नव्हतं. एक चुलीचा दगड, तोही कदाचित दगडच.

तिथे उभं राहून त्याने दोन बोटं तोंडात घातली
आणि शीळ घातली.
"काफे! ए काफे!"

कुत्र्यांना बोटीत जागा नव्हती.
खोबरं वाळवायच्या भट्टीत कोंडलं होतं त्यांना.
हे मला दुसऱ्यांकडून कळलेलं. मामाने घरात
कुत्रा हा शब्दसुद्धा कधी काढला नाही.

झुडपात सळसळ झाली.
अधिकाऱ्यानेही वळून पाहिलं.
एक खेकडा आला, मांजराएवढा, निळसर,
नारळाची कवटी ओढत.
मामा त्याच्यापुढे उकिडवा बसला.
कबरी मी एकटीनेच झाडल्या.

भोंगा झाला. परतीच्या छोट्या होडीत
त्याने त्या पोराला विचारलं, "तुझं गाव कुठलं?"
मी भाषांतर केलं.
त्याने सांगितलं, उत्तरेकडचं काहीतरी, नदीकाठचं.
"जातोस मधून मधून?"
हो, म्हणाला, दर सुट्टीत. आई असते तिथे.
"किती तास देतात?"

हे मात्र मी पुढे सांगितलं नाही.
पोरगा माझ्या तोंडाकडे बघत होता,
आणि पाणी चढत होतं.