तक्त्यावरची रेघ

सत्त्याऐंशी साली शिडी लावून काढली होती मी ही रेघ,
ऑझिथ कॉलेजच्या मुलींची, निळी.
आता स्टुलावर बसून काढतो.
अजून दोन वर्षांनी गुडघे टेकावे लागतील,
आणि माझे गुडघे, तुला माहितीयेत.

कॅम अरुंद. दोन होड्या शेजारी शेजारी मावत नाहीत,
म्हणून एकामागे एक उभ्या करायच्या, मध्ये दीड होडीचं पाणी.
तोफ उडाली की
पुढचीला धडकायचं, मागची धडकायच्या आत.
धडकलात, तर उद्या तिच्या जागी तुम्ही.
एवढंच. जूनमधले चार दिवस.

पाचवा दिवस मात्र पुढच्या वर्षी उगवतो.
गेल्या वर्षीच्यांनी जिथे टाकलं तिथूनच सुरू,
आणि त्या तर केव्हाच लीड्सला, लागोसला, कुणी बँकेत, कुणी बाळंतीण.
रोवेना ट्रेंचार्डच्या आठजणींनी कमावलेलं
आपण वीस वर्षं बसून खाल्लं.
मग खायलाही उरलं नाही.

यंदा बुधवारी पहिल्याच वळणावर इफेओमाचं वल्हं पाण्यानं धरून ठेवलं,
ते सुटेपर्यंत मागची होडी आत घुसलेली.
गुरुवारी मेरिननं सुकाणू उशिरा फिरवलं,
नऊजणी काठावरच्या खाजऱ्या पाल्यात.
शुक्रवारचं विचारू नकोस.
जिंकलेल्यांनी केसांत विलोच्या डहाळ्या खोचल्या,
त्याही आपल्याच झाडाच्या तोडून.

त्या संध्याकाळी मिल रोडवरून लाकडी चमचा आणला.
चारही दिवस हरलं की द्यायचा असतो.
सव्वादोन पौंड. पावती ठेवली नाही.

शनिवारी मी सायकलवर, काठानं, होडीच्या बरोबरीनं.
पुढच्या दोघी लवकरच एकमेकींना भिडून कडेला लागल्या,
म्हणजे आमच्यापुढे पाणीच पाणी,
पकडायला कुणी नाही,
आणि पाठीवर मार्लहॅम.
त्यांची माणसं शिट्ट्या वाजवत होती:
एक शिट्टी, एका होडीचं अंतर.
दोन, अर्ध्या होडीचं.
डिटनच्या वळणावर तीन ऐकल्या
आणि मी गवतात पडता पडता राहिलो.

एक लक्षात ठेव, वल्हवणारीचं तोंड मागे असतं.
जिच्यामागे धावतो ती दिसत नाही,
जी खायला आलीय तिचंच नाक दिसत राहतं,
आणि नाकावरचा तो पांढरा रबरी चेंडू.
पुढचं दिसतं एकट्या मेरिनला.
आणि ती सांगत होती, हळू, अगदी चहा ओतल्यासारखं,
"लांब पडल्यात गं. लांब पडल्यात."
आठजणी तो चेंडू बघत होत्या. हातभर.
आठजणींना माहीत होतं ती खोटं बोलतेय
आणि तरी, कसं सांगू,
वल्ही तिच्या बाजूची झाली.

लांब सरळ पट्टा. सायकलची चेन उतरली, मी पळत सुटलो.
रेल्वेच्या पुलाखाली शिट्ट्या घुमल्या,
किती ते मोजता येईना,
मग पलीकडे दोन.
मग एक.
मग मार्लहॅमचा तो दाढीवाला शिट्टी तोंडातून काढून
नुसता उभा.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.
वाजवायला झालं काय होतं? कुणी धडकलं नाही,
कुणी चढलं नाही, उतरलं नाही.
सॉर्शा काठावर वाकून ओकली.
इफेओमा म्हणाली, "विल्फ, आपण जिंकलो का?"
मी म्हणालो, "नाही."
तिनं मान डोलावली, आणि मग किती वेळ हसत राहिली.

तर हे बघ. तीन पायऱ्या खाली,
आणि मग हे, बोटभर, आडवं.
पट्टी न लावता काढलंय, म्हणून जरा थरथरतंय.
याच्या टोकापासून तुझं.

तो व्हार्निशचा डबा दे इकडे.
ढवळायला काही शोधू नकोस,
चमचा आतच आहे.