तीन पेले पाणी

सव्वानऊला मोकळं होऊन यायचं,
मग तीन पेले पाणी,
आणि दहा वाजेपर्यंत काहीच करायचं नाही.
हेच सगळ्यात अवघड.

देब्रेत्सेनच्या दवाखान्यात, तळघरातल्या बाकावर
आम्ही सगळे पाय आवळून बसलेले.
तिबोर, पूर्वीचा ट्राम कंडक्टर, प्रोस्टेटवाला,
हळूच विचारतो, "योलान, कुठवर आलं?"
मी म्हणते, "काठोकाठ."
असलं बोलणं
नवऱ्याशीसुद्धा झालं नव्हतं माझं.

पहिल्या दिवशी आम्ब्रुशनं
पाकिटाच्या पाठीवर पेननं काढून दाखवलं:
तुमचं गर्भाशय काढलं, जागा रिकामी झाली.
रिकाम्या जागेत आतडी उतरली.
आणि किरण सोडायचे आहेत नेमके तिथंच.
मूत्राशय भरलेलं असलं
की आतड्यांना वर उचलून धरतं,
वाटेतून बाजूला.
पोरगा तिशीचा असेल. कान लाल झाले होते त्याचे.

मी चित्राकडे बघत राहिले.
इल्दिको जिथं नऊ महिने होती
तिथं आता ही राहायला आली,
विचारलं नाही, सवरलं नाही,
आणि यांना हाकलायचंही नाही,
रोज पाणी पिऊन
थोडा वेळ वरच्या मजल्यावर बसवायचं.

आतडी मला काय शिकवतोस, बाळा.
चाळीस हिवाळे धुतलीत मी, डुकराची.
पुरुष सुरी धरतात, पालिंका पितात, फोटो काढतात.
बायका मागच्या अंगणात, वाफाळत्या टबाशी.
कोमट पाणी, मीठ, व्हिनेगर, चिरलेला कांदा.
काठीवर चढवून आतलं बाहेर करायचं,
सुरीच्या पाठीनं खरवडायचं, अगदी हलक्या हातानं,
मग फुंकर मारून दिव्यासमोर धरायचं.
भोक असलं तर तिथंच कळतं.
इतकं पातळ, की पलीकडचा दिवा दिसतो.
"एवढ्याशा पापुद्र्यावर जगतं सगळं,"
सासू म्हणायची.
आम्हाला वाटायचं, डुकराबद्दल बोलतेय.

अकराव्या दिवशी मी लबाडी केली.
बसला तास लागतो, रस्ता उखडलेला,
भीतीनं दोनच पेले प्यायले.
टेबलावर आडवी झाले,
गोंदलेल्या तीन ठिपक्यांवर हिरव्या रेघा जुळल्या,
यंत्र माझ्याभोवती एकदा फिरलं
आणि थांबलं.
आम्ब्रुश आत आला. रागावला नाही.
"खाली आलीत, योलान नेनी. उठा.
अजून एक पेला. वीस मिनिटं."

बाहेर सगळी भरलेली माणसं.
त्यांच्यासमोर घोट घोट प्यायले.
तिबोरनं माझ्याकडे न बघण्यासाठी
छताकडे बघत शीळ घातली
आणि लगेच पस्तावला, बिचारा.

तरी तिसऱ्या आठवड्यात पोट बिघडलंच.
कोबी बंद, दूध बंद, पालिंका तर बंदच.
रात्री चार-चारदा गार फरशीवर पाय,
भिंतीला धरून परत.
इल्दिको फोनवर म्हणाली,
मग त्या पाण्याचा उपयोग काय?
मला उत्तर आलं नाही.
आम्ब्रुशला विचारलं,
तो म्हणाला, "जेवढी बाजूला झाली तेवढी झाली."
याच्यापेक्षा मोठं वचन
त्यानं कधी दिलंच नव्हतं.

पंचवीस दिवस संपले.
डिसेंबरात शेजारच्या मार्गितनं टब मांडला,
मला फक्त बसायला बोलावलं होतं,
पण हात कुठले ऐकतात.
एक उचललं, फुंकर मारली,
दिव्यासमोर धरलं.
पाणी टपटपत होतं कोपरावरून.
"भोक आहे का?" मार्गितनं विचारलं.
मी ते बघतच नव्हते.
"थांब," म्हटलं, "बघते."

आत स्वयंपाकघरातल्या घड्याळात
सव्वानऊ झाले होते,
आणि मला उगीचच
तहान लागली.