एक पाय आखूड

वादळानं फेरी रद्द झाली एम्डेनची,
चेलोवाला गेरोल्ड बोर्कुम बेटावर अडकला,
म्हणून व्हीबकेनं बोलावून घेतलं
बंदरामागच्या तळघरात जॅझ वाजवणाऱ्याला.
लुइझियानाचा माणूस, ल्यूशन ब्रूसार.
आजारी भावाला पाठुंगळी आणावं
तसा डबल बास घेऊन चर्चच्या पायऱ्या चढला.

हीटर बंद. हार्पसिकॉर्ड दर अर्ध्या तासाला बेसूर.
त्यानं कागद हातात घेतला:
तीनशे वर्षांपूर्वीचा फ्रेंच नाच,
खर्जाची एकच ओळ, आणि तिच्याखाली आकडे.
सहा. सात. चाराखाली दोन.
"हे संगीत आहे की दुकानातली उधारी?
उजवा हात काय करतो?"
"ते लिहीत नाहीत," व्हीबके म्हणाली,
"आकडे बघायचे, बाकी त्या संध्याकाळी सुचेल तसं."

तो इतका हसला की मेणबत्ती हलली.
खिशातून चौघडी कागद काढला, बिअरचा डाग पडलेला:
अक्षरं, त्यांना चिकटलेले सात, नऊ, तेरा,
आणि खाली काहीच नाही.
तिची इमारत पायापासून वर,
त्याची छपरापासून खाली,
मधले मजले
दोघांच्याही कागदावर कुणी बांधून ठेवलेले नव्हते.

वाजवू लागले.
कागदावर सूर सारख्या मापाचे, रांगेत उभे;
त्याची बोटं मात्र एकाला रेंगाळू देत,
पुढच्याला घाईनं ढकलत.
लांब-तोकडा, लांब-तोकडा.
ती थांबली. बोटं पट्ट्यांवर तशीच.
"हे कुणी शिकवलं?
व्हर्सायच्या लोकांची हीच सवय होती म्हणतात,
लिहायचं सारखं, वाजवायचं असं.
मला सहा वर्षं लागली."

"शिकवलं नाही कुणी.
आमचे एट्येन काका
साखर कारखान्यात पाय गमावता गमावता वाचले,
एक पाय आखूड राहिला.
लाकडी ओसरीवर ते रात्री यायचे,
मी अंथरुणात ऐकायचो
आज मनःस्थिती कशी आहे ते."

पुन्हा वाजवलं. खिडक्यांना वारा धडका देत होता.
तिचा उजवा हात एकदा चुकला,
त्यानं ती चूक खालून उचलून धरली,
आणि दुसऱ्या फेरीत दोघांनी ती मुद्दाम केली.

रविवारी पहिल्या बोटीनं गेरोल्ड आला,
स्टँडवरचा कागद उघडला.
आठव्या मापावर पेन्सिलीनं लिहिलं होतं:
एट्येन काकांसारखं.

"ही सूचना मूळ प्रतीतली आहे?"

व्हीबके तारा लावत होती.
"वाजव तर आधी," म्हणाली,
"डावा पाय जरा उशिरा टेक."